तांबड्या अस्तराचं पांघरूण

ओग्दोनं गाड्यांची पांघरुणं शिवणं सोडलं, त्याला आता चौथा हिवाळा लागत होता. पण तीतेख गाव तिचं म्हणणं काही मनावर घेत नव्हतं. लार्चची झाडं पिवळी पडली की कुणी ना कुणी फाटक ढकलून आत यायचंच. कुणी लोण्याचा गोळा आणायचं, कुणी तळ्यातले मासे, आणि चहाचा दुसरा पेला संपता संपता हळूच विषय काढायचं.

"यंदा आमच्या गाडीचं तेवढं बघ की, ओग्दो."

"शहरात मिळतात तयार," पेल्यात दूध ओतत ओग्दो म्हणे.

"शहरातलं काय सांगतेस? ते पांघरूण असतं की पडदा?"

"मग पडदा लाव."

एवढं बोलून ती लोणी कपाटात ठेवून देई. लोण्यावर तिचा राग नव्हता.

आमच्याकडे हिवाळ्यात गाडी म्हणजे घरातलं तान्हं मूल. पारा उणे पन्नासाच्या खाली गेला की तिला उघडं टाकायची सोय नाही. एकदा का इंजिन गारठलं की ते पुन्हा वसंतातच बोलतं, असं जुने ड्रायव्हर म्हणतात आणि ते काही थट्टा करत नाहीत. म्हणून लोक इंजिन बंदच करत नाहीत, आणि गाडी कुठं थोडा वेळ उभी करायची म्हटलं तरी तिच्यावर टपापासून चाकांपर्यंत जाड पांघरूण ओढतात. मग ती गाडी पांघरुणाखाली घुरघुरत पडून राहते. भट्टीजवळ निजलेलं कुत्रंच जणू.

अशी पांघरुणं पुष्कळजणी शिवत. ओग्दोचं काम वेगळं होतं. लहानपणी तिनं आईजवळ बसून घोड्याच्या पायाच्या कातड्याचे बूट शिवले होते, आणि बुटात जे शिकली ते तिनं गाडीला लावलं. बाहेरून ताडपत्री, मधे लोकर दाबून केलेला जाड नमदा, आतून लष्करी कोटाचं जुनं कापड. मागे धुराड्यासाठी एक भोक, त्याला कोटाच्या बाहीसारखी बाही, म्हणजे धूर बाहेर जाईल, आत कोंडणार नाही. आणि चारही कोपऱ्यांना घोड्याच्या पायाचं कातडं, केसांसकट. पांघरुणाची कड बर्फाला चिकटते, ओढली की टर्रकन फाटते. कातडं फाटत नाही. हे कोपरे पाहिले की आसपासच्या गावांतलं कुणीही म्हणायचं, ओग्दोचा हात.

तो हात थांबला तो उयबानच्या हातामुळे.

उयबान तिचा नवरा. चार हिवाळ्यांपूर्वी तो अल्दान नदीपलीकडच्या गावांना पाव आणि टपाल पोचवायचा. जानेवारीतल्या एका सकाळी परत येताना त्याच्या गाडीच्या पेट्रोलच्या नळीत बर्फ धरला आणि भर जंगलात गाडी गप्प झाली. उयबाननं जे करायचं ते केलं. हातमोजा काढून नळीशी झटापट केली, जमलं नाही, तेव्हा ओग्दोचं पांघरूण गाडीवर ओढलं, खालून सरपटत आत शिरला, रिकाम्या डब्यात मेणबत्ती लावली आणि कुणी यायची वाट बघत बसला.

गाड्या आल्या. आमच्या रस्त्याचा नियम साधा आहे: थांबलेली गाडी ओलांडून कुणी पुढं जात नाही. जन्माचा वैरी असला तरी थांबायचं, विचारायचं, लागेल ते द्यायचं. पण पांघरलेली गाडी ही थांबलेली गाडी नव्हे. पांघरूण घातलंय म्हणजे आत माणूस निजलाय, इंजिन चालू आहे, दमलेला जीव दोन घटका पडलाय. अशा वेळी कड उचलून बघणं म्हणजे त्याची ऊब चोरणं. धुक्यात धुराड्याचा धूर कुणाला दिसतोय? तेव्हा आलेल्या प्रत्येकानं वेग कमी केला, अगदी अदबीनं, आणि पुढं निघून गेला. उयबान दोनदा सरपटत बाहेर आला. दोन्ही वेळा त्याला धुक्यात विरत जाणारे मागचे दिवे तेवढे दिसले. तिसऱ्यांदा सरपटण्याची ताकद नव्हती.

शेवटी एका घोडेवाल्यानं पांघरुणावर थाप मारली. त्याच्या काड्या संपल्या होत्या आणि त्याला विडी ओढायची होती.

उयबान वाचला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

पुढं जाणाऱ्यांत शेजारचा बास्लायही होता. हा गावच्या क्लबाचा राखणदार. नाटक असलं की पडदा ओढायचा, नसलं की चकाट्या पिटायचा. उयबान दवाखान्यातून घरी आला त्या दिवशी बास्लाय दारात उभा राहून लहान मुलासारखा रडला. "मी ओळखली होती गाडी, वहिनी," तो म्हणाला. "हॉर्नसुद्धा नाही वाजवला. म्हटलं, झोपमोड नको."

ओग्दोनं त्याला आत बोलावलं, जेवू घातलं. त्याच्यावर तिनं कधीच राग धरला नाही. तिच्या मते चूक बास्लायची नव्हती, पांघरुणाची होती. तिनं ते इतकं चांगलं शिवलं होतं की त्याच्याखाली मरायला टेकलेला माणूसही सुखानं निजल्यासारखा दिसला. आपल्याच हातानं आपण नवऱ्याला झाकून टाकलं, ही गोष्ट तिच्या मनात जी रुतली ती रुतलीच. उयबाननं शंभरदा समजावलं असेल. ती ऐकून घ्यायची आणि उठून कामाला लागायची. शिवणयंत्रावर तिनं एक चादर टाकली आणि चादरीवर कुंडी ठेवली.

असं सगळं असताना या चौथ्या हिवाळ्याच्या तोंडाला सार्गिलाना घरी आली आणि म्हणाली, मला गाडी हवी.

सार्गिलाना त्यांची एकुलती एक मुलगी. शहरात रोग्यांची शुश्रूषा शिकून आली होती आणि तिला नेमणूक मिळाली होती अल्दानपलीकडच्या गावात, जिथं डॉक्टर नाही, औषधांचं एक कपाट आहे आणि बाकी सगळं देवावर. नदी गोठली की रुजू व्हायचं. महिन्यातून एकदा सुटी. रस्ता तोच, बापाची बोटं घेणारा.

"बसनं जा," ओग्दो म्हणाली.

"आई, तिकडे बस जात नाही."

"मग कुणाच्या तरी गाडीतून जा."

"आणि रात्री-अपरात्री पलीकडच्या वाडीवर कुणी आजारी पडलं तर? तिथं काय कुणाच्या तरी गाडीची वाट बघू?"

"तुला शिकवून चूकच केली," ओग्दो म्हणाली.

उयबान कोपऱ्यात बसून मासा खात होता. काटे काढताना तो मान वर करत नसे. "जाऊ दे तिला, म्हातारे," तो म्हणाला. "गाडी नीट तयार केली तर रस्ता काही खात नाही माणसाला."

"हे कोण बोलतंय बघा," ओग्दो म्हणाली. "ज्याला खाल्लं तोच."

"सगळं कुठं खाल्लं? तीन बोटं खाल्ली. बाकीचा चिवट निघालो."

झालं. बापलेकीनं गाडी तयार करायला घेतली. तीच गाडी, पावाच्या लादीसारखी चौकोनी, राखाडी. चार वर्षं ती पडवीत उभी होती आणि उयबान रोज सकाळी तिला रामराम करून यायचा. आता त्याच्याजवळ डोकं होतं आणि हात नव्हते, लेकीजवळ हात होते आणि डोकं तापट होतं.

"वरचा बोल्ट. वरचा म्हणजे वरचा. आकाशातला नव्हे."

"बाबा, तुम्ही आधी म्हणालात डावा."

"डावा-वरचा. शाळेत काय शिकवलं तुला?"

"माणसं दुरुस्त करायला शिकवलं."

"मग हे सोपं आहे. ही रडत नाही."

रबराच्या जुन्या नळ्या थंडीत काचेसारख्या तडकतात, म्हणून त्या सगळ्या काढून नव्या घातल्या. इंजिनातलं जाड तेल काढून पाण्यासारखं पातळ तेल भरलं. पुढच्या जाळीला आतून पुठ्ठा लावला, वारा थेट आत घुसू नये म्हणून. दारांच्या पोटात आणि पायांखाली नमदा चिकटवला. मग काचा. गाडीच्या प्रत्येक काचेवर आतून दुसरी काच बसवायची, मधे बोटभर हवा ठेवायची. तशी नाही बसवली तर आपल्याच श्वासाचा बर्फ काचेवर धरतो आणि माणूस आंधळा होतो. मधल्या फटीत ओल राहू नये म्हणून उयबाननं मिठाची पुरचुंडी ठेवायला लावली. काच चिकटवताना तो लेकीच्या इतका जवळ उभा राही की तिला कोपर हलवता येईना.

पेट्रोलच्या टाकीत थोडं स्पिरिट ओतायचं असतं, पाणी असलं तर ते धरून ठेवतं. उयबाननं झाकणभर ओतलं, बाटली उजेडात धरून उरलेलं बघितलं आणि म्हणाला, "नळीत बर्फ धरू नये तसं माणसाच्याही धरू नये."

"झाकण लाव," ओग्दो खिडकीतून म्हणाली.

ती खिडकीतून सगळं बघत होती. बघायचं नाही असं ठरवून बघत होती. कुऱ्हाड, फावडं, मेणबत्त्या, विस्तव पेटवायला बर्चची वाळलेली साल, किटली, नमद्याच्या बुटांचा जास्तीचा जोड, गोठवलेल्या दुधाच्या चकत्या, सगळं एकेक करून गाडीत गेलं. दोन जोड हातमोजे आधी होतेच. ओग्दोनं कुणाला न सांगता तिसरा टाकला. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो.

पांघरुणाचा विषय मात्र घरात कुणी काढेना. सार्गिलाना आईचा स्वभाव ओळखून होती. ती शहरात गेली आणि तयार पांघरूण घेऊन आली. झुळझुळीत, हलकं, आतून गुलाबी फुलांचं.

ओग्दोनं कड चिमटीत धरली, चोळली, सोडून दिली. "छान आहे," ती म्हणाली. "न्हाणीघराला लाव."

"तू शिवणार नाहीस ना? मग हेच."

नोव्हेंबरात पहिली खरी थंडी पडली त्या दिवशी सार्गिलानानं अंगणात गाडीवर ते गुलाबी पांघरूण घातलं. सकाळी काढायला गेली तर कड बर्फाला चिकटली होती. तिनं जरा ओढलं. दोरा तटातटा तुटत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि अर्धं पांघरूण तिच्या हातात आलं. नायलॉनच्या दोऱ्याला थंडीचा काय पत्ता? ती तिथंच हसत उभी राहिली, पण ते हसू काही खरं नव्हतं. शेवटी पोर होती ती, आणि तिलाही भीती वाटत होती. ओग्दोला खिडकीतून ते दिसलं.

त्या दुपारी तिनं शिवणयंत्रावरची कुंडी उचलून खाली ठेवली.

उयबाननं पाहिलं आणि पेपरात तोंड घातलं. पेपर गेल्या महिन्याचा होता.

"ताडपत्री पडवीत आहे," ओग्दो म्हणाली. "नमदा आहे. अस्तर नाही. कोटाचं कापड नकोय मला या वेळी. तांबडं हवं. लालभडक."

"लालभडक कशाला?" सार्गिलानानं विचारलं.

"उलटसुलट घालता आलं पाहिजे. निजायचं असेल तर राखाडी बाजू वर. अडकलीस, काही बिघडलं, तर उलटं करायचं, तांबडी बाजू वर. आंधळ्यालाही कळेल की आत कुणी निजलेलं नाही."

आता एवढं मोठं तांबडं कापड तीतेखात कुणाकडे असणार? बास्लायकडे. क्लबाचा जुना मखमली पडदा नवा आल्यापासून रंगमंचाखाली धूळ खात होता. बास्लायनं तो फाडून अर्धा खांद्यावर टाकून आणला, वाटेत दोघांना तो कशासाठी हे सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं की ओग्दो वहिनी पुन्हा शिवते आहे.

"एकच," ओग्दोनं दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. "लेकीसाठी. पुन्हा कुणी लोणी आणू नका."

तिनं कड जनावराच्या तातीच्या चिवट दोऱ्यानं हातानं शिवली. कोपऱ्यांना घोड्याच्या पायाचं कातडं लावलं. शेवटचा कोपरा झाला तेव्हा तिनं दोरा दातानं तोडला आणि लेकीला समोर बसवलं.

"माझी एक अट आहे," ती म्हणाली. "तांबडं फक्त तुझ्याकडे आहे. बाकी रस्त्यावर सगळी राखाडीच असणार. पांघरलेली गाडी दिसली की थांबायचं. खाली उतरायचं, ठोठावायचं. आतून आवाज आल्याशिवाय पुढं जायचं नाही."

"लोक चिडतील, आई. निजलेल्याला उठवलं तर."

"चिडू देत. शिव्या देतील, त्या खायच्या. शिवी देणारा माणूस जिवंत असतो."

डिसेंबरात नदीवरून रस्ता सुरू झाला. नदी ओलांडायची असली की आम्ही तिला नावानं हाक मारत नाही, आजी म्हणतो. आजी नीट गोठली आहे की नाही हे विचारून, पाहून मगच पाय ठेवायचा. निघायच्या दिवशी ओग्दोनं जाड धिरडी केली, पहिला तुकडा चुलीतल्या विस्तवाला दिला आणि चार धिरडी आजीला वाहायला बांधून दिली. रस्त्याची बाधा होऊ नये म्हणून उयबाननं आरशाला घोड्याच्या शेपटीचे केस बांधले. कधी पोचशील, असं कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. रस्त्याला वेळ सांगितली की तो मुद्दाम उशीर करतो.

पहिल्या महिन्याला ती आली आणि गेली. जाता-येता पांघरलेल्या गाड्या तिला भेटल्या, त्या सगळ्या तिनं ठोठावल्या. एकानं तिला अशी शिवी दिली की ती तिनं फक्त बापाला सांगितली आणि दोघं बराच वेळ हसत होते.

जानेवारीत मात्र यायच्या दिवशी ती आली नाही.

अल्दानच्या अलीकडे-पलीकडे फोन लागत नाही, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. धुकं इतकं दाट होतं की फाटकावरून घर दिसेना. त्यानंतरचा पहिला दिवस दोघांनी फाटकाच्या आवाजाकडे कान लावून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओग्दो तळ्यावरून पाण्यासाठी बर्फाच्या लाद्या आणायला गेली, गरज नसताना. परत आली तेव्हा उयबान खिडकीशी उभा होता.

"काही नाही," तो म्हणाला. "दुसरा रोगी आला असेल कुणीतरी."

"माझ्या हातानं दिलंय मी तिला," ओग्दो म्हणाली. "तुलाही मीच दिलं होतं."

"पुन्हा तेच."

"तेच आहे म्हणून तेच."

"म्हातारे, ऐक. बोटं गेली ती हातमोजा काढला म्हणून. थंड लोखंडाला उघडा हात लावू नये हे पोरासोरांना कळतं, मला नाही कळलं. तो माझा मूर्खपणा. तू कशाला तो आपल्या नावावर लावून घेतेस? मला तेवढंच एक माझं राहिलंय."

एरवी ती उठून गेली असती. आज तिच्याच्यानं उठवेना. ती बाकावर बसून राहिली आणि आपल्या पायांतल्या लोकरीच्या मोज्यांकडे बघत राहिली. तिला वाटत होतं की पोरगी सुखरूप येऊ दे, मग हे यंत्र मी तळ्यात टाकीन, सुया टाकीन, सगळं टाकीन. बास्लाय आला, टोपी काढून दाराशी उभा राहिला, बस म्हणायची वाट न बघता बसला. तोही बोलला नाही, आणि बास्लाय बोलत नाही म्हणजे गोष्ट काळजीची, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपारी फाटकाशी गाडीचा धडधड आवाज आला. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची चाकं खालून चपटी होतात आणि नंतर कितीतरी मैल चौकोनी असल्यासारखी आपटत चालतात, तसा आवाज. तिघंही एकदम उठले आणि कोट न घालता बाहेर गेले.

सार्गिलाना उतरली. पापण्यांवर बर्फ, नाक लाल, हातपाय जागच्या जागी. ओग्दोनं आधी तिचे हातमोजे काढून बोटं मोजली, लहान बाळाची मोजतात तशी, आणि मग तिला घट्ट धरलं.

"आत चला, तुम्ही सगळे गोठाल," सार्गिलाना म्हणाली. "आणि मागचं गाठोडं घ्या. आईसाठी आहे."

गाठोडं उयबान आणि बास्लायनं मिळून आत आणलं आणि भट्टीजवळ टाकलं. चहाचा पहिला पेला पोटात गेल्यावर सार्गिलानानं सांगायला सुरुवात केली. निघाल्यावर तासाभरानं तिला रस्त्याकडेला एक पांघरलेली गाडी दिसली. राखाडी. पुढं एक ट्रक चालला होता, त्यानं दिवे मंद केले आणि निघून गेला.

"दिवे मंद केले," बास्लाय हळूच म्हणाला. "झोपमोड नको म्हणून." त्यानं मान खाली घातली.

"मी थांबले. ठोठावलं. आवाज नाही. पुन्हा ठोठावलं, मग कड उचलली. आत एक म्हातारा. न्योस्तोर नाव. इंजिन आदल्या दिवशी संध्याकाळीच बंद पडलं होतं. पाय बधिर झाले होते, बोलणं जड झालं होतं, पण होता. शुद्धीत होता. त्याला घेऊन मी मागे फिरले, माझ्या त्या एका कपाटाच्या दवाखान्यात नेलं, पाय शेकले. एकही बोट गेलं नाही, आई. दोन दिवस त्याच्याजवळ बसले, म्हणून उशीर."

"आदल्या संध्याकाळपासून," उयबान म्हणाला. "आणि जिवंत?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, इंजिन गार व्हायलाच मध्यरात्र झाली, पांघरूण असं आहे. मग मेणबत्ती. म्हणाला, हे नसतं तर तू ठोठावायला आलीस तेव्हा उठवायला कुणी उरलं नसतं." सार्गिलाना उठली आणि गाठोडं सोडू लागली. "त्यानं हे तुझ्याकडे पाठवलंय. गाडीबरोबरच जुनं मिळालं होतं म्हणे, कुणी शिवलं त्याला माहीत नव्हतं. मला बघताक्षणी कळलं."

पांघरूण जमिनीवर पसरलं. ताडपत्री विटली होती, एका बाजूला तेलाचे डाग होते. कोपऱ्याला घोड्याच्या पायाचं कातडं होतं, केस झडलेलं, पण टाके जागच्या जागी. मागे धुराड्याची बाही. ओग्दो खाली बसली. तिनं कोपरा हातात घेतला, उलटा केला, आपलेच टाके बोटानं चाचपून बघितले. मग तिनं ते तेलकट, धुरकट कापड तोंडाला लावलं आणि रडली. चार वर्षांचं रडणं होतं ते, दबकं वगैरे काही नव्हतं. कुणी तिला उगी म्हटलं नाही. उयबान तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि दोन बोटांचा हात तिच्या पाठीवर ठेवून राहिला.

"हेच तर सांगत होतो," बऱ्याच वेळानं तो म्हणाला.

"तू सांगतोस आणि मी ऐकते, असं कधी झालंय?" ओग्दो डोळे पुसत म्हणाली. तिनं पांघरूण पुन्हा एकदा पसरून बघितलं, आतलं कोटाचं कापड ओढून पाहिलं. जागोजाग विरलं होतं. "हे असंच का पाठवलं त्यानं?"

"तांबडं अस्तर लावून हवंय," सार्गिलाना म्हणाली. "त्याला आपल्या उलटसुलट पांघरुणाचं सांगितलं मी. त्याच्या गावातल्या आणखी काहींनाही हवंय. मी म्हटलं, आई नाही शिवत आता, विचारून बघते."

भट्टीत लाकूड फुटलं. सगळे ओग्दोकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते.

"बास्लाय," ओग्दो म्हणाली, "पडद्याचा अर्धा भाग अजून आहे ना तुझ्याकडे?"

"आहे, वहिनी."

"घेऊन ये. आणि नवा पडदाही बघून ठेव, कुठल्या रंगाचा आहे ते."

"नवासुद्धा तांबडाच आहे. पण मग आम्ही नाटकं कशी करायची?"

"तुम्हाला नाटकं करायला पडदा कधीपासून लागायला लागला?"

बास्लायनं टोपी कानांवर ओढली आणि क्लबाकडे निघाला. धुक्यात वाटेवर दोन गाड्या उभ्या होत्या, दोन्हींवर पांघरूण. शंभर वेळा तो अशा गाड्यांजवळून गेला असेल. आज त्यानं पहिलीवर थाप मारली, कान लावला, कड उचलून बघितलं. आत कुणी नव्हतं. दुसरी म्हणजे दुकानासमोर उभा असलेला परगावचा ट्रक होता. त्याच्यावर त्यानं दोन्ही मुठींनी ठोठावलं. आतून झोपाळू आवाजात एक सणसणीत शिवी आली, आणि बास्लाय "झोपा, झोपा" म्हणत समाधानानं पुढं गेला.